अपंगांच्या खेळाचा कैवार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ह्या महोत्सवात गेले तीन दिवस आपण मागे वळून पाहत आहो. पहिली मिस्सा कोणत्या झावळ्यांच्या मांडवात झाली, देवळाच्या पायाचा पहिला दगड कोणी वाहून आणला, घंटा कोणत्या वर्षी आली, ह्या सर्व गोष्टी जाणत्या मंडळींनी माझ्याहून अधिक रसाळपणे सांगितल्या आहेत. त्यांची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेणार नाही. महोत्सव-समितीने मला ‘पुढील पन्नास वर्षांतील आपले कर्तव्य’ ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय फार मोठा. त्याचा एक लहानसा कोपरा तेवढा मी उचलतो. तो कोपरा म्हणजे आपल्या देवळामागील पटांगण. त्या पटांगणावर आजवर कोण खेळले ह्याचा हिशेब पुष्कळ झाला. कोण खेळले नाही, हा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवू इच्छितो.

प्रथम मला माझा स्वतःचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. लोकांचे पापनिवेदन धर्मगुरूने ऐकावे असा परिपाठ आहे. आज क्षणभर आपण माझे ऐका.

सुमारे पंचवीस वर्षांमागे, दुसऱ्या एका धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू असताना, वार्षिक सणाच्या दिवशी मुलांच्या शर्यतींची व्यवस्था माझ्याकडे होती. वही उघडून नावे टिपीत बसलो असता बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा कुबड्या टेकीत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय अधू झाले होते. “फादर, माझे नाव लिंबू-चमच्याच्या शर्यतीत घाला,” तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि, माझ्या समजुतीने मोठ्या प्रेमाने, म्हणालो, “बाळ, तू कशाला ही दगदग करतोस? माझ्या शेजारी बैस. बक्षीस तुलाही देऊ.” शर्यती संपल्यावर त्याचे नाव पुकारून मी त्यास रंगीत पेन्सिलींची एक पेटी दिली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. दोघीतिघींनी डोळ्यांस पदर लाविला. सायंकाळी तो मुलगा आमच्या निवासाच्या पायऱ्यांशी आला. पेटी त्याने उघडलीही नव्हती. ती पायरीवर ठेवून तो म्हणाला, “फादर, मी खेळलोच नाही, मग हे बक्षीस कशाचे?”

मला उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिने माझी झोप उडविली. त्या शर्यतीत चमचा दातांत धरावयाचा असतो; म्हणजे दोन्ही हात कुबड्यांस मोकळे! शिवाय तेथे पायांच्या वेगाहून अंगाच्या तोलाची किंमत अधिक, आणि तोल सांभाळणे हा तर त्या मुलाचा रोजचा अभ्यास. सर्व शर्यतींतून त्याने आपल्याजोगी शर्यत अचूक निवडून काढली होती. त्याने विचार केला होता. मी केला नव्हता. पुढल्या वर्षी तो शर्यतींस आला नाही. नंतर माझी बदली झाली, आणि त्याचे कुटुंबही ते गाव सोडून गेल्याचे कळले. त्याची क्षमा मागण्याची संधी मला अद्यापि मिळालेली नाही. आजचे हे भाषण त्या मुलाच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

आता कोणी सद्गृहस्थ म्हणतील, “फादर, अपंगास आधी भाकरी द्या, औषध द्या, शाळा द्या, नोकरी द्या. खेळाचे एवढे काय?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर माझ्या युक्तिवादापेक्षा एका वैद्याच्या कार्याने अधिक चांगले मिळेल.

लुडविग गुटमान हे जर्मनीतील यहुदी वैद्य. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली त्यांनी सहकुटुंब इंग्लंडचा आश्रय घेतला. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात पाठीच्या मज्जारज्जूस इजा झालेल्यांसाठी एक नवीन विभाग उघडण्यात आला व तो त्यांच्या हाती सोपविण्यात आला. कमरेखालील अंग लुळे पडलेल्या अशा माणसांची आशा वैद्यांनीही त्या काळी बहुधा सोडलेली असे. पडून पडून होणाऱ्या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. गुटमान ह्यांनी रोग्यास रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा कडक नियम घातला, आणि माणसे वाचू लागली. परंतु देह वाचला म्हणजे माणूस वाचला असे नव्हे. वाचलेल्या त्या तरुणाने सकाळी डोळे कशासाठी उघडावयाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर रोग्यांनीच दिले. आपापल्या चाकांच्या खुर्च्यांवर बसून, काठ्या उलट्या धरून, ते एक चकती इकडून तिकडे टोलवीत असल्याचे गुटमान ह्यांच्या दृष्टीस पडले, असे सांगतात. त्यांनी तो खेळ थांबविला नाही. खेळास त्यांनी उपचारात मानाचे स्थान दिले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचा उद्घाटन-समारंभ होत होता. नेमक्या त्याच दिवशी गुटमान ह्यांनी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर धनुर्विद्येचा एक सामना भरविला. चौदा पुरुष व दोन स्त्रिया, असे अवघे सोळा स्पर्धक, आणि सर्व चाकांच्या खुर्च्यांवर. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू येऊन मिळाले. १९६० साली रोम नगरीत २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पॅरालिंपिक सामन्यांचा आरंभ तेथून धरितात. त्या खेळाडूंस पोप तेविसावे जॉन ह्यांनी व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलाविले, आणि गुटमान ह्यांस, आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्टिन ह्यांची उपमा देऊन, पक्षाघातग्रस्तांचे कुबर्टिन म्हणून गौरविले. २०२४ साली पॅरिस येथे हेच सामने झाले तेव्हा सोळांच्या ठिकाणी चार हजारांहून अधिक खेळाडू होते. आपल्या भारताने २९ पदके जिंकिली, आणि त्यांपैकी गोळाफेकीतील एक रौप्यपदक सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी ह्यांचे होते.

रोमच्या त्या सामन्यांतील आणखी एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खेळाडूंस राहावयास दिलेल्या इमारतींस जिने होते, आणि खुर्चीवर बसणाऱ्यास जिना म्हणजे भिंतच! इटालियन सैनिकांनी खेळाडूंस खुर्च्यांसकट उचलून वर नेले व खाली आणिले. त्या सैनिकांचे हात धन्य होत. तथापि मी आपणांस विचारतो, रोज उठून दुसऱ्याच्या खांद्यावरून घरात जाणे कोणत्या स्वाभिमानी माणसास रुचेल? उचलणारे हात हवेत ते आजच्या दिवसापुरते. उद्याकरिता उतरण बांधणारे हात हवेत. अपंगांच्या खेळास साह्य करणाऱ्या स्वयंसेवकाची खरी कसोटी येथेच लागते.

परदेशाची गोष्ट पुरे. आता आपल्या मुलखाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करात होते आणि मुष्टियुद्धात नाव मिळवीत होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या. कमरेखालील बळ गेले. मुंबईच्या नौदल-रुग्णालयात असताना उपचाराचा भाग म्हणून त्यांस पाण्यात उतरविण्यात आले. बुडण्याचे भय दाखविणारा एखादा मायाळू मनुष्य त्या वेळी शेजारी असता, तर पुढील इतिहास घडला नसता! १९६८ साली तेल अवीव येथील सामन्यांत ते खेळले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत, जागतिक उच्चांक करून, जिंकिली. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय पॅरालिंपिक खेळाडू होत. त्या परदेशगमनाच्या खर्चास मुंबईचे नामांकित फलंदाज विजय मर्चंट ह्यांच्या संस्थेने हातभार लाविला, असे पेटकरांच्या चरित्रात नमूद केलेले आढळते. मर्चंटांनी पेटकरांस पोहावयास शिकविले नाही, शर्यतही त्यांच्या वतीने जिंकिली नाही. पैशाअभावी बंद राहिले असते ते दार त्यांनी उघडून दिले. आणि सरकारदरबारी पद्मश्रीचा मान पेटकरांस केव्हा मिळाला? २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी! पदक जिंकावयास सदतीस सेकंद आणि त्याची दखल घ्यावयास शेहेचाळीस वर्षे. कैवार घेणाऱ्यांची वाण आपल्या समाजात किती आहे, हे ह्या दोन आकड्यांवरून उघड होते.

२०१६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी नवा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून, खेळात भाग घेणे हा अपंगांचा हक्क आहे आणि त्याची सोय लावणे हे सरकारचे व क्रीडाधिकाऱ्यांचे काम आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या देशातील अशा बांधवांची संख्या २ कोटी ६८ लक्ष भरली होती. कायदा उत्तम आहे. परंतु कायद्यास पाय नसतात. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी तीन खेपा घालावयास, मैदानाच्या फाटकाशी उतरण मागावयास, शाळेच्या मुख्याध्यापकांस “कवायतीच्या तासाला ह्या मुलीस वर्गात एकटी का बसविता?” असे नम्रपणे पण ठामपणे विचारावयास कोणी तरी मनुष्य लागतो. अशा माणसाला आपल्या मराठीत फार सुंदर शब्द आहे: कैवारी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात पवित्र आत्म्यास हेच नाव दिलेले आपण ऐकता. शेजारी उभा राहून बाजू घेणारा तो कैवारी. दुसऱ्याची जागा बळकावणारा नव्हे.

ही मर्यादा कशी सांभाळावयाची, ते अपंगांच्या खेळांचे नियमच शिकवितात. तीन उदाहरणे देतो.

आंधळा धावपटू शर्यतीत धावतो तेव्हा त्याच्याबरोबर एक डोळस वाटाड्या धावतो; दोघांच्या हातांत एकच आखूड दोरी असते. पॅरिसच्या सामन्यांत आपल्या सिमरन शर्मा ह्यांनी दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा अभय सिंह त्यांचे वाटाडे होते. वाटाड्याने धावपटूस ओढावयाचे नाही, ढकलावयाचे नाही. आणि शेवटच्या रेषेवर वाटाडा जर धावपटूच्या आधी पोहोचला, तर धावपटू बाद ठरतो! वाटाड्याच्या अंगी धावण्याचे बळ तर पूर्ण हवे, आणि पुढे न जाण्याचे बळ त्याहून अधिक हवे.

दुसरा खेळ बोचिया नावाचा. ज्यांच्या हातापायांवर त्यांचा ताबा नाही अशा तीव्र अपंगांसाठी तो आहे. पांढऱ्या चेंडूच्या जितके जवळ जाईल तितके आपले चामड्याचे चेंडू नेऊन पोहोचवावयाचे. ज्यास हाताने चेंडू टाकता येत नाही तो एका उतरत्या पन्हाळीवरून सोडतो, आणि पन्हाळ हलविण्यास त्याचा साहाय्यक असतो. परंतु नियम असा की, साहाय्यकाने मैदानाकडे पाठ करून बसावे व मागे वळून पाहू नये. “थोडे डावीकडे, थोडे वर,” असे खेळाडू सांगेल तेवढेच त्याने करावे. डाव कोणाचा? खेळाडूचा. डोके कोणाचे? खेळाडूचे. मदत करणाऱ्याने पाहिले की तो सल्ला देऊ लागणार, हे मनुष्यस्वभावाचे मर्म ज्याने हा नियम केला त्यास पक्के ठाऊक असले पाहिजे!

तिसरे उदाहरण पोहण्याचे. आंधळा पोहणारा तलावाच्या भिंतीजवळ येताच काठावरील मनुष्य मऊ टोकाच्या काठीने त्यास हलकेच स्पर्श करितो, की वळण्याची वेळ झाली. एवढेच त्याचे काम. वेळेवर एक स्पर्श. आधी केला तर चाल मोडते, उशिरा केला तर डोके आपटते.

बंधुभगिनींनो, पंचवीस वर्षांमागे त्या मुलाशी मी कसा वागलो, ते ह्या तीन नियमांशी ताडून पाहा. मी त्याच्या आधीच रेषेवर जाऊन पोहोचलो. त्याचा डाव मीच खेळलो. आणि स्पर्श केला तो त्यास थांबविण्यासाठी. दयेच्या पोटी अन्याय कसा जन्मतो, ह्याचा हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही.

मुले अपंग असलेल्या मातापित्यांसही मला दोन शब्द सांगावयाचे आहेत. घरभेटीच्या वेळी एका माउलीने मला विचारले, “फादर, खेळायला पाठवीन, पण पडला तर?” तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही. वैद्याचा सल्ला घ्यावा, मैदान तपासावे, जाणता शिक्षक असावा, हे सर्व खरे. परंतु आपली इतर मुले पडली नाहीत काय? गुडघे फुटल्याशिवाय ह्या सभेतील कोणता पुरुष मोठा झाला? पडण्याचा हक्कसुद्धा ज्या मुलास नाही, त्यास उठून उभे राहण्याचा आनंद कोठून मिळणार?

बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांचे काय, असेही कोणी विचारील. अमेरिकेतील युनिस केनेडी श्रायव्हर ह्या कॅथोलिक भगिनीची थोरली बहीण तशीच होती. अशा मुलांस शिबिरात कोणी घेत नाही हे पाहून १९६२ च्या उन्हाळ्यात ह्या बाईंनी आपल्या घराच्या अंगणातच शिबिर भरविले, आणि शाळेतील तरुण मुलामुलींस स्वयंसेवक म्हणून बोलाविले. २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे अशा सुमारे एक हजार खेळाडूंचे सामने झाले. आज ‘स्पेशल ऑलिंपिक’ ह्या नावाने ते जगभर भरतात. आरंभ झाला तो एका अंगणात. आपल्यापाशी तर सबंध पटांगण आहे.

शुभवर्तमानातील त्या चौघांचे आपण स्मरण करू या. पक्षाघात झालेल्या आपल्या मित्रास ते खाटेसकट घेऊन आले. दारात गर्दी. “आज जमत नाही, पुढे पाहू,” असे म्हणून ते माघारी फिरले नाहीत. त्यांनी छप्पर उघडले. दुसऱ्याच्या घराचे छप्पर उघडणे हे शिष्टाचाराच्या विरुद्ध खरे. परंतु वाट नसेल तेथे वाट करणे हाच कैवार. आणि पुढे काय झाले? तो मनुष्य आपली खाट स्वतः उचलून चालता झाला. त्या चौघांची नावे कोणीही लिहून ठेविली नाहीत. आणि त्यांनी ती मागितल्याचेही कोठे दिसत नाही. आजकाल मदतीचा हात पुढे होण्याआधी छायाचित्र काढणारा हात पुढे होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता माझ्या मागण्या. त्या थोड्या आहेत, पण उत्सवी नाहीत.

पहिली: देवळाच्या आवारातून पटांगणात उतरावयास ज्या तीन पायऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी महोत्सवाच्या शिल्लक रकमेतून उतरण बांधावी. संगमरवरी स्मृतिफलक नंतर पाहू. उतरण हाच आपला फलक होईल.

दुसरी: तरुण मंडळींनी घरोघर जाऊन आपल्या अपंग बांधवांस भेटावे. त्यांच्या आईवडिलांस विचारावेच, परंतु त्यांच्याआधी त्यांस स्वतःस विचारावे की, “तुम्हांला कोणता खेळ खेळावयाचा आहे?” उत्तर येईपर्यंत थांबावे, ज्यांची जीभ अडखळते त्यांच्यासाठी अधिक वेळ थांबावे. ज्यांस बाहेर सामन्यांत उतरावयाचे असेल, त्यांच्यासाठी दाखल्याच्या खेपा आपण घालाव्या.

तिसरी: दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पटांगण एक तास ह्या खेळाडूंसाठी राखून ठेवावे. त्या तासाला नेहमीच्या क्रिकेटच्या चमूने जागा सोडावी. सोडून घरी न जाता त्यांच्याबरोबर खेळावे. आंधळ्यांच्या क्रिकेटचा चेंडू प्लास्टिकचा असतो व आत छऱ्यांचा खुळखुळ आवाज होतो. तो खालून, हात न उंचावता, जमिनीलगत टाकावयाचा असतो. आपल्या नामांकित गोलंदाजांनी डोळ्यांवर पट्टी बांधून त्या चेंडूस एकदा बॅट लावून दाखवावी. खेळ कोणाचा अवघड आहे, हे तत्काळ कळेल!

चौथी आणि शेवटची: जे येतील त्यांनी वर्षभर यावे. सणाच्या दिवशी बिल्ला लावून येणारे स्वयंसेवक आपल्याकडे रगड आहेत. मला पावसाळ्यातील रविवारी येणारे हवे आहेत.

आज ही सभा आटोपल्यावर, त्या दिवशी बसलो होतो तसाच, मी वही घेऊन दाराशी बसणार आहे. वहीत दोन रकाने आखले आहेत. पहिला खेळाडूंचा, दुसरा कैवाऱ्यांचा. कोणी कुबड्या टेकीत येऊन मला एखाद्या शर्यतीचे नाव सांगितले, तर ह्या खेपेस मी एकच प्रश्न विचारीन: “तुझे नाव कसे लिहू?” आणि बक्षीस जो जिंकेल त्यालाच मिळेल.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास, त्याच्या सर्व लेकरांस आणि त्या पटांगणास आशीर्वाद देवो.